संपर्क साधा म्हटलं, त्यांनी साधला

स्वीडनमध्ये डॅनियल स्टेनबर्ग नावाचे एक गृहस्थ राहतात. त्यांना अधूनमधून अनोळखी लोकांचे मेल येतात : गाडीतला नकाशा हलत नाही, ब्लूटूथ जोडलं जात नाही, पडदा मधूनच काळा होतो, तरी उपाय कळवावा. स्टेनबर्ग गाड्या बनवत नाहीत, विकत नाहीत, दुरुस्तही करत नाहीत. ते १९९८पासून ‘कर्ल’ नावाचं एक सॉफ्टवेअर सांभाळतात. इंटरनेटवरून इकडची माहिती तिकडे नेणारं हे निमूट सॉफ्टवेअर फोनमध्ये, टीव्हीत, गाडीत, जिथे जागा मिळेल तिथे जाऊन बसलं आहे. वापरायला फुकट. अट जवळपास एकच, की कॉपीराइटची सूचना सोबत ठेवायची. त्या सूचनेत स्टेनबर्ग यांचं नाव आणि ईमेलचा पत्ता आहे. गाडीकंपन्या कायद्याला घाबरून अट पाळतात आणि मेनूच्या तळघरात कुठेतरी ‘परवाने’ नावाच्या पानावर ती सूचना छापतात. गाडीचा पडदा अडला की वैतागलेला मालक दिसेल ते बटण दाबत त्या तळघरात पोचतो, आणि अख्ख्या गाडीत जिवंत माणसाचा म्हणावा असा पत्ता त्याला तिथेच सापडतो.

मला त्या मालकाची चूक वाटत नाही. ग्राहकसेवेला फोन लावला की मराठीसाठी एक दाबा, तक्रारीसाठी चार दाबा, आणि चार दाबलं की पुन्हा मराठीसाठी एक दाबा. इथे सरळ नाव, आडनाव, पत्ता. कोण सोडेल? काहींनी तर याच्याही पुढे मजल मारली आहे. कुणाचं खातं हॅक झालं, त्याने ॲपमध्ये शोधाशोध केली, स्टेनबर्ग यांचं नाव दिसलं, आणि चोराने स्वतःचं नाव-पत्ता ठेवून जाण्याचा प्रामाणिकपणा दाखवला आहे अशी त्याची खात्री पटली. २०२१ साली एकाने ठार मारण्याची धमकी पाठवली. अब्जावधी उपकरणांमध्ये चालणारं सॉफ्टवेअर फुकट दिल्याचा हा मोबदला.

यातलं काहीही स्पॅम नाही, हे मुद्दाम नोंदवतो. स्पॅम म्हणजे यंत्राने एकाच वेळी लाखोंना पाठवलेलं पत्र. हे एकेका माणसाने, मनापासून, खास तुमच्यासाठी लिहिलेलं असतं. म्हणून तर त्यावर फिल्टर चालत नाही.

मी या क्षेत्रातला गल्लीतला खेळाडू. माझी एक छोटी लायब्ररी आहे, म्हणजे इतरांच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडता येणारा तयार कोड. तिला रक्कम आकड्यांत द्यायची, ती अक्षरी देते. ४७,५८९ दिले की ‘सत्तेचाळीस हजार पाचशे एकोणनव्वद रुपये फक्त’. पावत्या, चेक, पतसंस्थांचे दाखले अशा ठिकाणी ती वापरतात. नातेवाईक विचारतात, यातून तुला मिळतं काय? मेल मिळतात.

पत्ता मुळात जाहीर का केलास, असा पुढचा प्रश्न असतो. तो केला नाही, होत गेला. कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये प्रत्येक बदलासोबत, म्हणजे कमिटसोबत, करणाऱ्याचं नाव आणि ईमेल कोरलं जातं. त्या सगळ्यावरून कमिटचा हॅश, म्हणजे ओळखीचा ठसा, ठरतो आणि पुढचं प्रत्येक कमिट मागच्या हॅशला धरून उभं असतं. एक जुना पत्ता पुसायचा म्हणजे तिथून पुढचा सगळा इतिहास नव्याने लिहावा लागतो. इतिहासाचं पुनर्लेखन आपल्याकडे अवघड नाही, पण गिटमध्ये ते लगेच उघडकीला येतं. असा कोड जिथे ठेवतात त्या गिटहबने पुढे ‘नोरिप्लाय’ पत्त्यामागे लपायची सोय केली. पण ती माहीत होईपर्यंत माझा खरा पत्ता जगभर पोचला होता. पॅकेज एनपीएम या कोडच्या भांडारात चढवलं, पत्ता तिथे. पायपीआय या दुसऱ्या भांडाराच्या रकान्यात, तिथेही. डेबियन या लिनक्स वितरणात तर पॅकेज सांभाळणाऱ्याचा चालू पत्ता देणं हा नियमच आहे, आणि त्यांच्या बग नोंदवणीत प्रत्येक बगला स्वतःचा ईमेल पत्ता असतो. म्हणजे तिथे बगलासुद्धा स्पॅम येतो.

जाहीर यादी दिसली की तिचा उपयोग करावासा वाटणं ही भावना इंटरनेटपेक्षा जुनी आहे. मे १९७८मध्ये डीईसी या संगणककंपनीच्या गॅरी थर्क यांनी अमेरिकेच्या अर्पानेटवर चारशेच्या आसपास लोकांना नव्या यंत्राच्या प्रात्यक्षिकाचं आमंत्रण धाडलं. पत्ते छापील डिरेक्टरीतून बघून टंकले होते. ते इतके झाले की पत्त्यांच्या रकान्यात मावेनात. उरलेले खाली मजकुरात सांडले. परिणामी जगातल्या पहिल्या स्पॅमची सुरुवात पत्त्यांच्या लांबलचक यादीनेच झाली, आणि ज्यांचे पत्ते सांडले त्यांना तो मिळालाच नाही. पुढे सगळं सुधारलं. आता सगळ्यांना मिळतो.

माझ्याकडे येणाऱ्यांत पहिला मान वेबसाइटला गूगलच्या पहिल्या पानावर आणून देणाऱ्यांचा. ‘तुमचा लेख वाचून मी भारावून गेले,’ असं एकीने लिहिलं होतं आणि खाली लेखाचा दुवा दिला होता. तो परवान्याच्या मजकुराचा होता. ‘हे सॉफ्टवेअर जसे आहे तसे, कोणत्याही हमीविना’ हे वाचून भारावणारं माणूस मला आयुष्यात भेटलेलं नाही, तेव्हा उत्तर द्यायचा मोह झाला. त्याच लेखाखाली आपला एक पाहुणा लेख टाकू द्यावा, विषय : घरगुती सौरऊर्जा, अशी तिची विनंती होती.

माझा लाडका प्रकार मात्र चीनचा. शांघायमधून एक ‘वरिष्ठ व्यवस्थापक’ चिंताक्रांत होऊन लिहितो की, आमच्याकडे एका कंपनीने तुमच्या नावाचं डॉट सीएन आणि डॉट एशिया डोमेन नोंदवण्यासाठी अर्ज केला आहे. तुमचा हक्क आधी, म्हणून विचारतो. कळवलं नाहीत तर त्यांना देऊन टाकू. हा जगभर चालणारा जुना सापळा आहे हे मला माहीत आहे. पण शांघायमधली एक कंपनी मराठी अक्षरी रकमांच्या बाजारपेठेवर डोळा ठेवून आहे, ही कल्पना दोन मिनिटं सुखाची असते. ती मी दर वेळी उपभोगतो आणि मगच मेल उडवतो.

मग सुरक्षावाले. सॉफ्टवेअरमधली गंभीर त्रुटी गुपचूप कुणाला कळवायची, हे ठरलेलं असावं म्हणून २०२२ साली एक प्रमाण निघालं : वेबसाइटच्या ठरावीक जागी ‘सिक्युरिटी डॉट टीएक्सटी’ नावाची फाइल ठेवायची आणि त्यात संपर्क द्यायचा. उत्तम सोय. नक्की जागा कळल्यामुळे आता कुणालाच शोधावं लागत नाही. कुठलंसं तयार साधन हजारो साइटवर फिरवायचं, जे काही निघेल ते कळवायचं आणि बक्षीस मागायचं, असा जोडधंदा उभा राहिला आहे. इंग्रजीत त्याला ‘बेग बाउंटी’ म्हणतात. ‘आदरणीय सुरक्षा विभाग, आपल्या डोमेनवर डीमार्क ही ईमेल-पडताळणीची नोंद नसल्याची अतिगंभीर त्रुटी आढळली आहे. बक्षिसाच्या प्रतीक्षेत.’ सुरक्षा विभाग तेव्हा घरच्या मिक्सरचं भांडं बदलून आणायला गेला होता. तीन दिवसांनी स्मरणपत्र, त्यानंतर ‘मी अजून वाट पाहतो आहे सर’, आणि शेवटी हात जोडलेली एक इमोजी. आपल्याकडे वर्गणीसुद्धा इतक्या चिकाटीने मागत नाहीत.

कर्लकडे २०१९पासून खरोखरीची बक्षीस योजना होती. खऱ्या त्रुटी शोधणाऱ्यांना पैसे मिळत. मग एआय आलं आणि अस्तित्वात नसलेल्या त्रुटींचे नीटनेटके, मुद्देसूद, आत्मविश्वासाने ओथंबलेले अहवाल येऊ लागले. अस्तित्वात नसलेल्या फंक्शनमध्ये अस्तित्वात नसलेला धोका. आणि शंका विचारली की ‘आपण अगदी योग्य मुद्दा मांडलात’ म्हणून पुन्हा तेच. २०२६च्या जानेवारीअखेर स्टेनबर्ग यांनी योजना बंद केली. खोटा अहवाल तयार व्हायला मिनिट पुरतं, तो खोटा आहे हे ठरवायला जाणकार माणसाचा अर्धा दिवस जातो. हा व्यवहार कुठवर चालणार?

आपल्या देशानेही या कार्यात हातभार लावला आहे. ‘हॅक्टोबरफेस्ट’मध्ये ऑक्टोबर महिन्यात ओपन सोर्स, म्हणजे खुल्या कोडच्या, प्रकल्पांना ठरावीक पुल रिक्वेस्टी, म्हणजे बदलांचे प्रस्ताव, पाठवणाऱ्यांना टीशर्ट मिळे. २०२०मध्ये चार लागत. इथल्या एका लोकप्रिय शिकवणीच्या व्हिडिओत कुणाच्याही रीडमीत, म्हणजे प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलमध्ये, किरकोळ बदल करून पुल रिक्वेस्ट कशी पाठवायची याचं प्रात्यक्षिक दाखवलं गेलं. गुरुजींनी उदाहरण म्हणून दाखवलं ते शिष्यांनी उत्तर म्हणून उतरवलं. कुणी शीर्षकाआधी ‘अमेझिंग’ जोडलं, कुणी पूर्णविराम काढला, दुसऱ्याने तोच परत घातला. प्रत्येकाचा एक मेल प्रकल्प सांभाळणाऱ्या मेंटेनरला. आयोजकांना तीन तारखेलाच नियम बदलून, ज्यांची इच्छा असेल त्याच प्रकल्पांत मोजणी करू, असं जाहीर करावं लागलं. फुकट टीशर्टसाठी आपला मध्यमवर्ग काय करू शकतो, याची परदेशी लोकांना कल्पना नव्हती.

उपाय म्हणून लोक पहिल्यांदा पत्ता वेडावाकडा लिहितात. ‘अमुक ॲट तमुक डॉट कॉम’ असं अक्षरांत, म्हणजे यंत्राला कळणार नाही. यंत्राला ते कळायला एका ओळीचा कोड पुरतो. न कळणारे निघतात ते फक्त खरे लोक. त्यातल्या एकाने मधल्या जागांसकट सगळं टंकून पाठवलं आणि मेल परत येतोय म्हणून लिंक्डइनवर गाठलं.

मी रीडमीत सूचना लिहिली. राहायला पुण्यात असल्यामुळे ती लिहिताना कुणाची मदत लागली नाही.

‘हा पत्ता लायब्ररीतील चुका कळवण्यासाठी आहे. कळवताना दिलेली रक्कम, अपेक्षित उत्तर व मिळालेले उत्तर लिहावे. “चालत नाही” एवढेच लिहू नये. आमचेही फारसे चालत नाही. लायब्ररी मोफत आहे, लेखक नाही. कॉलेजचे प्रोजेक्ट करून मिळणार नाही. आमची वेबसाइट पहिल्या पानावर आणू नये, ती आहे तिथे सुखी आहे. उत्तर न आल्यास तेच उत्तर समजावे.’

परिणाम एवढाच झाला की माणसं वाचून परत गेली आणि यंत्रं न वाचता येत राहिली. सदाशिव पेठेतल्या एका सद्गृहस्थांनी मात्र पाटीतल्या विरामचिन्हांत दोन सुधारणा सुचवणारी पुल रिक्वेस्ट पाठवली. दोन्ही बरोबर होत्या.

मग फिल्टर. २००२ साली पॉल ग्रॅहम यांनी एक युक्ती लोकप्रिय केली : आलेल्या पत्रांतले शब्द मोजायचे, कुठला शब्द स्पॅममध्ये किती वेळा आणि चांगल्या पत्रांत किती वेळा येतो ते पाहायचं, आणि त्यावरून नवं पत्र स्पॅम असण्याची शक्यता काढायची. सुंदर आणि न्याय्य पद्धत. आता माझ्या लायब्ररीबद्दलचं एक खरं पत्र बघा. ‘सर, अतिशय तातडीचे आहे. रक्कम रुपये पंचवीस लाख टाकल्यावर बरोबर येत नाही. बँकेने चेक परत केला आहे. सोबत फाइल जोडली आहे, कृपया उघडून पाहावी.’ तातडी, पंचवीस लाख, बँक, चेक, जोडलेली फाइल आणि ती उघडण्याचा आग्रह. यात न पकडण्यासारखा एक तरी शब्द आहे का? एका पतसंस्थेचे वयस्कर लेखनिक स्पॅमच्या पेटीत आठवडाभर पडून होते, शेजारी लॉटरी लागल्याचं कळवणारे. उलट सौरऊर्जावाली बाई, एकही रक्कम न उच्चारता, शुद्ध भाषेत, थेट इनबॉक्समध्ये येऊन बसली होती.

फिल्टरवाल्यांना हसावं तर तेही आपल्याच बिरादरीतले. स्पॅमअसॅसिन हे ओपन सोर्स फिल्टर स्वयंसेवकच सांभाळतात. ते प्रत्येक मेलला दोषांचे गुण देतं. पाच झाले की स्पॅम. त्यात एक नियम होता की दूरच्या भविष्यकाळातली तारीख असलेला मेल संशयास्पद. दूरचं भविष्य म्हणजे २०१० आणि पुढे. नियम लिहिणाऱ्याला ते तेव्हा दूर वाटलं असणार. १ जानेवारी २०१०ला जगभर या फिल्टरमधून जाणाऱ्या मेलला उजाडताच बहुतेक ठिकाणी तीनहून अधिक दोषगुण मिळाले आणि नववर्षाच्या कित्येक शुभेच्छा स्पॅममध्ये गेल्या. खरं तर दुरुस्ती आदल्या वर्षीच मुख्य कोडमध्ये झाली होती. ती लोकांपर्यंत पोचवायची राहिली होती, एवढंच.

सगळ्यांत रसिक उपाय ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमवाल्यांचा. त्यांच्या ‘स्पॅमडी’मध्ये स्पॅमरचं यंत्र दारात आलं की त्याला हाकलत नाहीत. या म्हणतात. फक्त बोलतात सेकंदाला एक अक्षर. स्वागताचं एक वाक्य पुरं व्हायलाच मिनिट निघून जातं, तोवर समोरचं यंत्र तिष्ठत. आणि अनोळखी सर्व्हरला पहिल्यांदा ‘आत्ता जमणार नाही, थोड्या वेळाने या’ असं सांगायची सोय आहेच. खरा मेल सर्व्हर निमूट परत येतो. स्पॅमरला हजार घरं करायची असतात, तो फिरकत नाही. ‘साहेब जागेवर नाहीत, नंतर या’ हे तत्त्व आपल्या सरकारी कचेऱ्यांनी ईमेलच्या कितीतरी आधी सिद्ध केलं होतं. हे तंत्र बसवल्यावर माझा स्पॅम खरंच घटला. पण ओटीपीदेखील थोड्या वेळाने येऊ लागले, आणि ‘थोड्या वेळाने’ आलेल्या ओटीपीचा उपयोग दिनविशेषासारखा करावा लागतो.

माणसांवर मात्र यातलं काही चालत नाही. २०१९च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात त्र्याहत्तरला ‘सत्तर तीन’ असंही म्हणायची पद्धत आली आणि महाराष्ट्र पेटला. विषय विधानसभेपर्यंत गेला. तिथून तो माझ्याकडे आला. निम्म्यांनी लिहिलं, नवी पद्धत ताबडतोब घ्या, मुलांचे हाल थांबवा. निम्म्यांनी, ती घेतलीत तर ज्ञानेश्वरांना काय तोंड दाखवाल. माझा बालभारतीशी संबंध नाही हे मी कळवलं, तर एकांनी उलट टपाली विचारलं की मग पत्ता जाहीर कशाला केलात?

आणि एक पत्रव्यवहार असा आहे की तो आठवला की हसू येत नाही. एक्सझी नावाचं फाइली आकसून ठेवणारं सॉफ्टवेअर बरीच वर्षं जवळजवळ एकटे लासे कॉलिन सांभाळत होते. २०२२मध्ये ‘जिगर कुमार’ अशा नावाने तक्रारी येऊ लागल्या : काम फार हळू चाललं आहे, तुमचा उत्साह संपला आहे, दुसऱ्या कुणाला तरी नेमा. कॉलिन यांनी आपली तब्येत बरी नसल्याचं, हा फावल्या वेळातला बिनपगारी उद्योग असल्याचं सांगितलं. तरी टोचणी चालूच. पाठोपाठ मदतीला एक तत्पर माणूस हजरच होता. त्याच्याकडे हळूहळू अधिकार गेले. २०२४च्या मार्चअखेर आंद्रेस फ्रॉइंड यांना आपलं लॉगिन अर्ध्या सेकंदाने हळू का झालं, अशी शंका आली. ते खणत गेले आणि एक्सझीच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत पेरलेलं चोरदार सापडलं. जिगर कुमार नंतर कुणाला दिसले नाहीत. ते बहुधा कधी नव्हतेच. त्या मेलांत दुवा नव्हता, रक्कम नव्हती, फाइल नव्हती. थोडा उद्धटपणा होता, पण तो आमच्याकडच्या सरासरीपेक्षा कमीच. जगातल्या कुठल्याही फिल्टरने त्यांना सलाम ठोकून आत सोडलं असतं. तेव्हापासून कुणी फार आपुलकीने ‘तुम्ही दमलेले दिसता, मी मदत करू का?’ असं विचारलं की मी दमलेला असलो तरी टवटवीत असल्याचं कळवतो.

पत्ता काढून टाकावा, असं दर दिवाळीच्या साफसफाईत मनात येतं. पण मग पतसंस्थेच्या त्या लेखनिकांनी लिहायचं कुठे? त्यांना गिटहबवर खातं उघडा म्हणणं म्हणजे चेक कायमचा अडकवणं. म्हणून शेवटी मी खास मराठी कुलूप बसवलं. मेलच्या विषयात एका आकड्याचं अक्षरी रूप लिहायचं. आकडा रीडमीत दिलेला, ७९. बरोबर लिहिलं तर इनबॉक्स, चुकलं तर बाहेर.

पहिले काही महिने स्वर्ग होता. शांघाय गप्प, सौरऊर्जा गप्प. सुरक्षावाल्यांना आकडा पाहूनच घाम फुटत असावा. नंतर लक्षात आलं की इनबॉक्स जरा जास्तच शांत आहे. बाहेरची पेटी उघडली. ‘एकोणऐशी’, ‘एकोणअंशी’, ‘ऐकोण ऐंशी’, ‘नव्व्याहत्तर’, ‘सत्तर नऊ (नवीन पद्धत)’, आणि एका इंग्रजी माध्यमवाल्याचं ‘सर आईला विचारून सांगतो’. सगळे खरे, सगळे मराठी, सगळ्यांचे चेक अडकलेले. लेखनिक साहेबांनी ‘७९/- अक्षरी’ असं लिहून खाली सही केली होती.

आता तर एआय आलं आहे. परवा विषयात ऱ्हस्व-दीर्घासकट निर्दोष ‘एकोणऐंशी’ लिहिलेला मेल आला, उघडला, तर गिटहबवर पसंती दाखवणारे तारे ठोक भावात. तसे आता रोज येतात. एकाचंही शुद्धलेखन चुकत नाही. म्हणून हल्ली नियम फिरवला आहे. बरोबर उत्तर आलं की मेल थेट स्पॅममध्ये, चुकलं की इनबॉक्समध्ये. सदाशिव पेठेतल्या सद्गृहस्थांसाठी तेवढा अपवाद ठेवावा लागला.